आलेनाचं पीप

रविवारी दुपारी रेनिल्डे बटाटे आणायला तळघरात उतरली, तेव्हा तिचा नवरा ओडील पिपाला खायला घालत होता.

आमच्या भागात यात नवल काही नाही. सेन नदीच्या अल्याड-पल्याड चार घरांआड एका तळघरात आंबट बिअरचं पीप असतंच. हिवाळ्यात जवाचं गोड पाणी उकळायचं, रात्रभर उघडं टाकून थंड करायचं, हवेतून जे काय त्यात उतरायचं ते उतरू द्यायचं आणि मग पिपात भरायचं. पहिले दोन-तीन आठवडे नुसता दंगा चालतो. फेस काय, फसफस काय, विचारू नका. मग एके दिवशी सगळं गप्प होतं आणि नवशिक्याला वाटतं, झालं, आटपलं. आटपतंय कसलं! घाईघाईने खाणारे जीव गोड ओरपून, मरून तळाशी बसलेले असतात, आणि लाकडाच्या भेगांतून दुसरे जागे होतात. हे सावकाश खाणारे. एक वर्ष, दोन वर्षं, दमाने खातात. त्यांना अधूनमधून घालावं लागतं, ताजं गोड पाणी आणि त्यात चिमूटभर शिजवलेलं पीठ. वर पांढरी साय धरलेली असते, ती मोडायची नाही. साय मोडली की हवा आत शिरते आणि सगळ्याचा व्हिनेगर होतो. म्हणून लांब नळीचं नरसाळं सायीच्या कडेने सरकवायचं आणि आजारी माणसाला चमच्याने पाजावं तसं हळूहळू सोडायचं.

ओडील तेच करत होता. त्याच्या हातात करड्या मातीची, निळ्या नक्षीची सुरई होती. ओतण्याआधी त्याने सुरईला तोंड लावून एक घोट घेतला, गिळला आणि पिपाच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटला, "एक घोट माझा, बाकीचं तुझं."

रेनिल्डे जिन्यातच थांबली. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत या माणसाने तिच्या पेल्याला कधी ओठ लावले नव्हते. तिच्या बशीतला उरलेला केकसुद्धा तो बाजूला सारायचा.

"कोणाशी बोलतोयस?" तिने विचारलं.

"कोणाशी नाही. बटाटे त्या कोपऱ्यात आहेत," ओडील मान न वळवता म्हणाला.

बटाटे कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं. ती चार वर्षं तेच बटाटे सोलत होती.

पीप आलेनाचं. आलेना म्हणजे ओडीलची पहिली बायको. सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली, शेवटी शेवटी घास गिळवेना म्हणे. माणूस म्हणून ओडील चांगला हो, खोटं कशाला बोला. रेनिल्डे आल्स्ट गावाहून लग्न होऊन आली त्याच्या आधीच त्याने आलेनाचे कपडे चर्चला देऊन टाकले होते, फोटो खणात ठेवले होते, पलंगसुद्धा बदलला होता. रेनिल्डेला काही बोलावं लागलं नाही. राहिलं ते फक्त पीप. ते आलेनाने माहेरी असताना स्वतःच्या हाताने लावलेलं. दरवर्षी निम्मं बाटल्यांत काढायचं आणि तेवढंच नवीन भरायचं, आतून कधी धुवायचं नाही. म्हणजे एकवीस वर्षं त्या लाकडात जे जगत होतं ते सगळं तिचं होतं.

आता पिपाचा कोणी मत्सर करतं का, असं तुम्ही म्हणाल. करून बघा एकदा! जिवंत सवतीशी निदान भांडता येतं, तिच्या झिंज्या ओढता येतात, तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवता येतात. हिच्याशी काय करणार? ओडील कामावरून आला की आधी तळघरात जायचा. पिपाच्या बुचात बसवलेल्या काचेच्या नळीतून बुडबुडा फुटायचा, टुक, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू यायचं की रेनिल्डेचा जळफळाट व्हायचा. मे महिन्यात दोघं आठवडाभर ओस्टेंडला समुद्रावर जाणार होती, खोली ठरली होती, तिने नवी हॅट घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी ओडील वर आला आणि म्हणाला, "नाही जमायचं. ती आजारी आहे."

"ती कोण?"

"पीप गं. बिअरला तार सुटलीय."

हा आजार पिपांना होतोच, उन्हाळा लागला की बिअर पाकासारखी घट्ट होते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप बरी होते. लहान पोराला गोवर येतो तसं. उशाशी बसायची काही गरज नसते. पण ओडील बसला. पूर्ण आठवडा, खुर्ची टाकून.

"मला फेब्रुवारीत ताप आला होता," रेनिल्डे म्हणाली, "तेव्हा तू पत्ते खेळायला गेला होतास."

"तुझं काय, तू खमकी आहेस," ओडील म्हणाला. त्याला वाटलं, आपण कौतुक केलं.

जूनच्या शेवटी चेरी पिकल्या. ओडील शिडी लावून झाडावर चढला आणि शिडीसकट खाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. शहरातल्या इस्पितळात सहा-सात आठवडे झोपून राहावं लागणार होतं. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आला, रेनिल्डे डोळे पुसत शेजारी बसलेली, आणि त्याचं पहिलं वाक्य काय?

"रविवारी तीन वाजता. एक सुरई."

"ओडील, पायाचं आधी विचार ना!"

"पायाचं काय, होईल बरा. ऐक नीट. आधी एक घोट तू घ्यायचास. घ्यायचास म्हणजे गिळायचास हं. तोंडात गेलेलं परत सुरईत पडू द्यायचं नाही. मग बाकीचं तिला. करशील ना?"

"करीन," रेनिल्डे म्हणाली.

रविवारी तीनच्या ठोक्याला ती अंगणात खुर्ची टाकून बसली. पावावर दह्यासारखं मऊ चीज थापलं, वर मुळ्याच्या चकत्या लावल्या आणि चावून चावून खाल्लं. तळघराची खिडकी पायाशीच होती. आतून टुक, टुक ऐकू येत होतं. "बस बोंबलत," रेनिल्डे म्हणाली आणि दुसरा पाव घेतला. खरं सांगायचं तर चार वर्षांत तिला जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

इस्पितळात ओडीलने विचारलं, "घातलंस?"

"घातलं."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? ढेकर दिली."

ओडील खुदकन हसला. ते हसू रेनिल्डेला कट्यारीसारखं लागलं. उपाशी मर म्हणावं आता, तिने मनात ठरवून टाकलं.

बुधवारी सकाळी कॉफीचा कप टेबलावर ठेवून ती कपडे वाळत घालायला गेली. दहा मिनिटांत परत आली तर कॉफीवर साय. दुधाची नव्हे. पांढरी, कोरडी, सुरकुतलेली, जशी काही महिनाभर तिथेच होती. तिने कप मोरीत ओतला. दुपारी सूपवर तेच. संध्याकाळी फुलदाणीतल्या पाण्यावर. गुरुवारी भांडी भिजत घातली त्या टबावर साय धरली आणि बोट लावल्यावर ती हलली, खालून कोणी श्वास सोडल्यासारखी. घरभर घोड्याच्या तबेल्याचा आणि ओल्या चामड्याचा वास येऊ लागला. हा वास आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा, चांगल्या जुन्या बिअरला तो थोडा असतोच. पण त्या वासाखाली आणखी एक वास होता... बरेच दिवस अंथरुणात पडून असलेल्या माणसाच्या उशीचा.

रेनिल्डेने सोडा टाकून सगळी भांडी घासली, खिडक्या उघडल्या. तळघराच्या दाराला खालून फटीत फडकं कोंबलं. भ्यायली नव्हती ती. चिडली होती. माझ्या स्वयंपाकघरात येतेस, भवाने?

गंमत म्हणजे, ओडीलसाठी ती डब्यात जे भरून न्यायची त्याला काही व्हायचं नाही. सशाचं मटण म्हणा, मलईतली कोंबडी म्हणा, जशीच्या तशी पोचायची. आणि ओडील काय खायचा! पहिल्यांदाच त्याने परत वाढून मागितलं. पहिल्यांदाच म्हणाला, "हाताला चव आहे गं तुझ्या." रेनिल्डे बसमधून घरी येताना एकटीच हसत होती. खाली ती उपाशी आणि वर हा माझ्या हातचं चाटूनपुसून खातोय. न्याय आहे म्हणायचा जगात!

दुसऱ्या रविवारीही तिने घातलं नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी नर्सने तिला दारातच गाठलं. "तुमचे मिस्टर दोन माणसांचं जेवतात हो. रात्री पाव मागतात, शेजारच्याचं उरलेलं मागतात. आणि वजन बघा." तिने तक्ता दाखवला. दोन आठवड्यांत नऊ किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही सापडलं नव्हतं.

ओडीलच्या गालांत खड्डे पडले होते. लग्नाची अंगठी बोटातून गळत होती, ती त्याने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. रेनिल्डेने डबा उघडला तर त्याने चमच्याची वाट पाहिली नाही. हातानेच खायला लागला. खाता खाता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भूक लागते गं, रेनिल्डे... आत काही राहतच नाही. गिळतो, आणि खाली पोचायच्या आत कोणीतरी..."

"कोणीतरी काय?"

"काही नाही. तू घालतेस ना तिला? रविवारी?"

"घालते म्हटलं ना," रेनिल्डे म्हणाली. पण या खेपेला त्याच्याकडे न बघता.

तिसरा रविवार आला. तिने सुरई हातात घेतली, जवाचं पाणी उकळलं, पिठाची चिमूटही टाकली, आणि तळघराच्या दाराशी उभी राहिली. खालून आवाज येत नव्हता. बुडबुडे थांबले होते. तिला वाटलं, मेली वाटतं एकदाची! आणि तिने ते पाणी मोरीत ओतून दिलं. इथे तिचं चुकलं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, चार वर्षं जिने ते टुक-टुक ऐकलंय तिनेच काय ते बोलावं.

सोमवारी इस्पितळातून फोन आला. ओडील उठून बसू शकत नव्हता. नळीतून अन्न सोडलं होतं तरी वजन उतरतच होतं. असंच चाललं तर आठवडा काढणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हा ती फिरमीनकडे गेली. फिरमीन गल्लीच्या टोकाला राहायचा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि पिपांच्या बाबतीत आमच्याकडे त्याचा शब्द शेवटचा. तो काठी टेकत आला, तळघरात उतरला आणि पिपाला कान लावला. मग बोटाच्या पेराने वरून खाली ठोकत गेला. अर्ध्याच्या खाली येईपर्यंत पीप पोकळ वाजत होतं.

"किती दिवस घातलं नाहीस, पोरी?"

"तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत लाकूड एक तांब्याभर पितं. हे निम्मं गेलंय." फिरमीनने काठी भिंतीला टेकवली. "उपाशी जीव काय खातात माहितेय? गोड संपलं की पीठ. पीठ संपलं की तळाशी बसलेले आपलेच मेलेले. तेही संपले की..."

"की काय, फिरमीनकाका?"

"मला काय माहीत? मी माझ्या पिपाला कधी उपाशी ठेवलं नाही." त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "राग काढलास होय गं पिपावर?"

"काढला!" रेनिल्डे एकदम फुटली. "काढला राग! मी त्याच्याशी बोलते तेव्हा तो हूं म्हणतो, आणि हिला म्हणतो बाकीचं तुझं! माझ्या पेल्याला त्याने कधी तोंड लावलं नाही, काका. एकदाही नाही. मी काय विटाळाची आहे? मेली ना ती? मग मरावं की नीट!"

फिरमीन हळू आवाजात म्हणाला, "ओडील सहा वर्षं हिच्याशी घोट वाटून घेतोय. हिला ओळख त्याची आहे. घरात मिळालं नाही तर ओळखीच्याकडेच मागणार ना?"

"मी उकळतं पाणी ओतते. आत्ता. सगळं मरून जाऊ दे."

"ओत की. पण तो आत्ता तिच्या तोंडात आहे, एवढं लक्षात ठेव. तोंड भाजलं तर आतला घासही भाजतो." फिरमीनने काठी उचलली. जिन्यात पोचल्यावर तो थांबला. "खायला घाल, पोरी. रीतसर घाल. एक घोट गिळ आणि बाकीचं तिला दे. आणि पोटात राग ठेवून घालू नकोस."

ते शेवटचं सांगणं सोपं होतं, करणं कठीण. रेनिल्डेने मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. जव घातले, गाळले, थंड होईपर्यंत ढवळत बसली, आणि ढवळता ढवळता रडली. नवऱ्याला वाचवायचं तर सवतीला भरवायचं. असा नवस कोणत्या देवाला बोलला होता तिने?

दुपारचे चार वाजले होते. बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या घरातून सायकलशर्यतीचं समालोचन ऐकू येत होतं. तळघरात मात्र जिन्याच्या तिसऱ्या पायरीनंतर उजेड संपायचा. तिने बॅटरी लावून बूच काढलं आणि आत पाहिलं.

साय मोडलेली नव्हती. खोल, पार खाली गेली होती, पोट खपाटीला जावं तशी. प्रकाश पडताच ती मधोमध थोडी वर आली. पुन्हा खाली गेली. पुन्हा वर...

"खा बाई," रेनिल्डे म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "खा. गिळ सगळं."

पहिली सुरई तिने रीतसर घातली, एक घोट गिळून. नरसाळ्यातून पाणी खाली पडल्याचा आवाज आला नाही. पडायच्या आधीच कोणीतरी ते घेत होतं. दुसरी सुरई. तिसरी. साय वर येईना. चौथी सुरई भरताना तिचा हात थांबला. तिला दिसलं, ओडील बरा होऊन येईल. कुबड्या टेकत, तिच्याशी धड न बोलता, आधी या जिन्याने खाली उतरेल. पिपाच्या पाठीवर हात ठेवेल. मी याला भरवून वाचवणार आणि हा येऊन हिचे आभार मानणार!

तिने चौथ्या सुरईचा घोट तोंडात घेतला. गिळला नाही. गालात फिरवला, दातांतून, जिभेवरून, चांगला घोळवला आणि परत सुरईत थुंकला.

"आता माझ्या तोंडचं खा," ती म्हणाली. "बघू दे कोणाची होतेस ती."

पाचवीही तशीच घातली. सहावीही. सातव्या सुरईला साय अशी भराभर वर आली की तिने घाबरून नरसाळं मागे ओढलं. मग पिपातून मोठा सुस्कारा आला, जेवण मनासारखं झाल्यावर माणूस सोडतो तसा. काचेच्या नळीत बुडबुडा फुटला. टुक.

वर फोन वाजत होता. नर्स होती. "तुमचे मिस्टर झोपलेत. नळी काढा म्हणाले, पोट भरलं म्हणाले. आणि बाई, तीनदा तुमचं नाव घेतलं हो. रेनिल्डे कुठंय, रेनिल्डे कुठंय..."

रेनिल्डे भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसाहमशी रडली. चार वर्षांत त्याने झोपेत तिचं नाव घेतलं नव्हतं. दुसरं घ्यायचा.

त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही. प्रत्येक वेळी तोंडातलं. आता तिला कोणी सांगूनही ऐकलं नसतं, कारण प्रत्येक रविवारनंतर ओडील आणखी तिचा व्हायचा. गाल भरले. अंगठी बोटात परत गेली. हात हातात घेऊन बसायला लागला, तिने कोणता रंग घातलाय ते बघायला लागला. घरात सायीचा पत्ता नव्हता. कॉफी कपात कॉफीसारखी राहायची.

ऑगस्टच्या मध्यावर तो घरी आला. कुबड्या घेऊन आधी तळघराकडेच वळला, आणि रेनिल्डेचा जुना मत्सर परत उफाळला. ती त्याच्यामागे उतरली. आमच्याकडे पिपाच्या पुढच्या फळीला एक खिळा ठोकलेला असतो, तो उपटला की चव बघण्यापुरती धार येते. ओडीलने खिळा काढला, पेल्यात दोन बोटं घेतली, हुंगली, प्यायला. कितीतरी वेळ जिभेवर धरून राहिला.

"हे... हे तूच आहेस," तो म्हणाला.

"मग कोण असणार?" रेनिल्डे म्हणाली, आणि हसली. जिंकली होती ती! खिळा परत ठोकायच्या आत त्याने तोच पेला तिच्यापुढे धरला. उष्टा. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

सप्टेंबर सोन्यासारखा गेला. ओडीलने आलेनाचं नाव काढलं नाही. पिपाला आता तो घालत होता, पण वर येऊन रेनिल्डेच्या खांद्यावर हात ठेवायचा. गावात लोक चिडवायला लागले, म्हातारपणी चळलाय म्हणून. ती लाजायची आणि मनातून फुलायची.

महिन्याच्या अखेरीस एका मंगळवारी सूप तिच्या घशातून खाली उतरेना.

दुखत नव्हतं. ठसकाही लागला नाही. घास तोंडात होता, चव लागत होती, फक्त गिळायचं कसं ते घशाला आठवत नव्हतं. तिने पाव घेऊन पाहिला. तोही परत काढावा लागला. डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी घोटभर पाणी जायचं, तेवढंच. चौथ्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसली होती, समोर कांद्यात शिजवलेलं मांस.

"ओडील, मला भीती वाटतेय."

ओडील घाबरला नाही, हेच तिला आधी खटकलं. त्याने शांतपणे उठून फळीवरचा वाडगा आणला. तिच्या गळ्याभोवती रुमाल बांधला. तिचे केस एका हाताने मागे घेतले, मानेवर अलगद धरले. त्या हाताला चाचपडावं लागलं नाही.

"घास घे. चावून चावून घे. चव पुरी येऊ दे," तो म्हणाला. "गिळायचा प्रयत्न करू नकोस. यात टाक."

"ओडील... तू हे..."

"गप. बोलायचं नाही, घसा थकतो. पहिले दोन-तीन दिवस जड जातं, मग सवय होते."

तिने घास चावला. वाडग्यात टाकला. दुसरा. तिसरा. तो वाडगा सांडू न देता, एक कुबडी टेकत तळघराच्या जिन्याने खाली गेला. खालून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सूर कळत होता. ज्या सुरासाठी ती चार वर्षं जळली होती तो सूर. आणि त्यात मधूनमधून तिचं नाव.

रेनिल्डे रिकाम्या तोंडाने बसून राहिली. अंगणात चेरीच्या झाडावर ऊन होतं. हळूहळू तिच्या पोटात ऊब पसरली. कांद्याची, मांसाची, मीठ बेताचं असलेली. चार दिवसांची भूक निवत गेली, आणि ढेकर आली.

ओडील वर आला. वाडगा स्वच्छ होता.

"भरलं पोट?"

तिने मान हलवली. खोटं सांगता येईना. त्याने वाकून तिच्या कपाळावर ओठ टेकले, पाठीमागे उशी सारली, शाल नीट केली. डोळ्यांत इतकी माया होती की तिला हुंदका आला. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याचा कान जिन्याकडे लागला होता.

"तू पड आता जरा," तो कुबडी उचलत म्हणाला. "मी खाली तुझ्याजवळ बसतो."